मोठ्याईच्या हातचं

नंदूला पहिल्यांदा ओकाऱ्या झाल्या तेव्हा कुणाच्याच मनात काही आलं नाही. माघ सरत आला होता. सकाळी गारठा आणि दुपारी चटका, असलं दुतोंडी हवामान. या दिवसांत लेकरं आजारी पडायचीच. साडेतीन वर्षांची पोर दुपारी परड्यातून खेळून आली, पोट धरून उंबऱ्यावर बसली आणि बघता बघता भडाभडा ओकली. मग जुलाब लागले. दिवस मावळेपर्यंत डोळे खोल गेले, तशी आबांनी गाडी काढायला लावली. कोरेगावात डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट चाचपलं आणि विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं होतं का?"

"बाहेरचं काहीच नाही," पूजा म्हणाली. "घरातलाच शेंगदाण्याचा लाडू. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी, आक्कांनी केलेला."

"मग एखादा दाणा खवट असेल," बाई म्हणाल्या आणि औषध लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी नंदू कोंबड्यांमागं पळत होती. विषय संपला.

घर होतं कोरेगावपासून आत, गावाबाहेरच्या वस्तीवर. मानसिंग आबा पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेले. थोरला मुलगा अमृत ऊस आणि आलं बघायचा. धाकटा वीरधवल बापाच्याच वाटेनं फौजेत गेलेला, सध्या जोधपूरला होता. पूजा ही वीरधवलची बायको, नंदूची आई, लोणंदची. बी.कॉम. झालेली, कांद्याच्या आडत्याची मुलगी. थोरली मंगल सांगली जिल्ह्यातली, विट्याच्या पुढच्या एका गावची. लग्नाला बारा वर्षं झाली तरी मंगलची कूस उजवली नव्हती. साताऱ्याचे दवाखाने झाले, सांगलीचे झाले, सांगतील ते देव झाले. शेवटी एके दिवशी तिनं गोळ्यांची पिशवी उचलून फडताळात टाकली, कुदळ घेतली आणि घरामागचं दगडगोट्यांचं परडं खणायला लागली.

आता त्या परड्याकडं बघून कुणाला खरं वाटलं नसतं. माघाच्या शेवटी ते नुसतं उतू जात होतं. शेवगा पांढऱ्या फुलांनी लगडला होता, कोपऱ्यातल्या आंब्याला मोहोर आला होता आणि त्याच्या वासानं मधमाश्या वेड्या झाल्या होत्या. वाटाण्याच्या शेवटच्या शेंगा, फुलावर आलेली कोथिंबीर, टोमॅटोला टेकू दिलेल्या काठ्या, आळ्यात नुकतीच लावलेली दोडक्याची बी. मंगल सकाळची कामं उरकली की तिथं जाऊन बसायची आणि नंदू तिच्या पाठीमागं. मंगल तण काढायची, नंदू त्या तणाची भाजी करायची, करवंटीत शिजवायची, विटकरीच्या तुकड्यांचं तिखट घालायची. 'मोठी आई' म्हणता म्हणता तिनं त्याचं 'मोठ्याई' करून टाकलं होतं.

परड्याच्या मागं उतार होता आणि उताराखाली कालवा. नंदू पाय फुटल्यासारखी धावायला लागली तेव्हा पूजाच्या जिवाला घोर लागला होता. तारेचं कुंपण करू, करू म्हणत अमृतनं एक उन्हाळा घालवला, तेव्हा तिनं माहेरच्या आळीतून झाडाच्या फांद्या तोडून आणल्या आणि स्वतःच्या हातानं उतारालगत ओळीनं टोचल्या. रोवतील तिथं जगणाऱ्या त्या फांद्या. दोन पावसाळ्यांत त्यांची अशी दाट भिंत झाली की मांजर आरपार जाईना. पूजा सुखानं झोपायला लागली.

पहिल्या दुखण्यानंतर आठवडा गेला असेल, नंदू पुन्हा ओकली. या वेळी मंगलनं शिरा केला होता.

दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी शेजारची सुलाबाई विचारपूस करायला आली. म्हातारी पायरीवर बसली, तंबाखू मळली, नंदूच्या गालावरून हात फिरवला आणि परड्याकडं बघत आवाज खाली आणून म्हणाली, "दोन्ही डाव मंगलच्याच हातचं खाल्लं हुतं न्हवं?"

"तसं नाही आजी," पूजा म्हणाली. "त्या रोजच काही ना काही देतात तिला."

"तेच म्हंती मी. मी काय वंगाळ बोलत न्हाई बाई, मंगल गुणाची हाय. पर मोकळ्या कुशीचा जीव लय तळमळतो. नजर लागती. येकेकदा नजरेच्या फुडं बी जातं माणूस. तुमी शिकलेल्या, तुमाला न्हाई पटायचं."

पूजाला खरंच पटलं नाही. म्हातारी गेल्यावर तिनं तोंड वाकडं केलं आणि भांडी घासायला बसली. पण घासता घासता तिची मान आपोआप वर झाली. खिडकीतून परडं दिसत होतं. मंगल नंदूला मांडीवर घेऊन तिच्या केसांना तेल लावत होती आणि कानात काहीतरी सांगत होती. नंदू खुदुखुदु हसत होती. असं तर त्या रोजच बसायच्या. पण कानात सांगण्यासारखं काय असतं एवढं?

संशयाचं असं असतं, त्याला पाणी घालावं लागत नाही. जे काल गोड वाटत होतं त्यालाच आज कडू वास यायला लागला. मंगल नेहमी कौतुकानं म्हणायची, "माझीच हाय ही, पोटातनं तेवढी तुझ्या आली." पूजा तेव्हा हसायची. आता ते वाक्य तिला रात्रंदिवस टोचायला लागलं. नंदू झोपेत 'मोठ्याई' म्हणून बरळली तर पूजा तिला कुशीत ओढून म्हणायची, "आई हाय गं इथं, आई."

मग तिनं चोरून परीक्षा घ्यायला सुरुवात केली. मंगलनं नंदूसाठी वाटीत काही दिलं की आधी वास घ्यायची, मग जिभेला लावून बघायची. एकदा उरलेला शिरा तिनं न्हाणीमागं नेऊन एका तांबड्या कोंबडीला घातला आणि धुण्याचं निमित्त करून तिच्यावर डोळा ठेवून बसली. कोंबडीनं शिरा खाल्ला, चोच मातीला पुसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चक्क अंडं दिलं. पण म्हणून पूजाचं मन निवलं का? कोंबडीचं पोट आणि लेकराचं पोट एक असतं का, असं ते म्हणालं. लाडवाचा एक तुकडा तिनं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये तिखटाच्या डब्यामागं लपवला. तो कुठं तपासायला द्यायचा हे तिला माहीत नव्हतं. पण असू दे म्हणून ठेवला.

वीरधवलला फोनवर सांगितलं तेव्हा तो भडकला. "तू काय बोलतीस तुझं तुला कळतंय का? वहिनीनं मला वाढवलंय निम्मंअर्धं. आई गेली तेव्हा कोण होतं घरात?"

"मी कुठं काय म्हणतीय? मी जे झालं ते सांगितलं."

त्यानं नंदूला किती वेळा झालं ते पुन्हा विचारून घेतलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "थोडे दिवस लोणंदला जाऊन ये. बघ काय होतंय."

ती लोणंदला गेली. माहेरी नंदू आजीजवळ राहिली, बाजारातली भजी खाल्ली, उसाचा रस प्याली, मामाबरोबर स्टेशनात जाऊन मालगाड्या बघितल्या. तिचं पोट एकदाही बिघडलं नाही. उलट गाल वर आले. पूजाची आई म्हणाली, "घरच मानवत नाही वाटतं पोरीला." घर मानवत नाही म्हणजे काय, हे तिनं आईला सांगितलं नाही.

परत आल्यावर मंगल उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभी होती. नंदूवरून ओवाळून टाकताना तिचे डोळे भरले. "किती दिवस गं लावलंस," ती पूजाला म्हणाली. पूजाला वाटलं, बघ, कसं करावं लागतं माणसाला नाटक. आणि त्याच आठवड्यात नंदू तिसऱ्यांदा आजारी पडली.

आता मात्र पूजा थांबली नाही. सगळे जेवायला बसले असताना तिनं आबांसमोर विषय काढला. "आबा, मला वेगळी चूल मांडायचीय."

अमृतच्या हातातला घास तसाच राहिला. "का? काय झालं?"

"काही झालं नाही. पोरीचं पथ्यपाणी मला माझ्या हातानं करायचंय."

"मग कर की. कोण अडवतंय? त्याला चूल कशाला येगळी?"

पूजानं भात कालवायला घेतला. तिनं मंगलचं नाव घेतलं नाही, पण नाव न घेण्याचाही एक आवाज असतो. तो सगळ्यांना ऐकू गेला. अमृत ताटावरून उठला. "काल ईऱ्याचा फोन आला हुता," तो आबांना म्हणाला. "म्हणला, पोरीला वहिनीपासनं जरा लांबच ठेवा. माझ्या सख्ख्या भावानं मला हे सांगितलं." आबांनी एकदा थोरल्या सुनेकडं आणि एकदा धाकटीकडं बघितलं. फौजेत त्यांनी भल्याभल्यांची भांडणं मिटवली होती, पण हे भांडण कुणी उघड मांडलंच नव्हतं. "मांडा," एवढंच म्हणाले.

मंगलनं त्याच दुपारी भांडी वाटली. मोठा कुकर, नवा तवा, पितळी पातेलं, सगळं चांगलं चांगलं पूजाच्या बाजूला ठेवलं. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. तिच्या त्या गप्प बसण्यानंही पूजाचा संशय वाढलाच. खोटं असतं तर भांडली नसती का?

नंदूला मात्र कडक ताकीद मिळाली. मोठ्याईकडं जायचं नाही. मोठ्याईच्या हातचं खायचं नाही. परड्यात खेळायचं तर आंब्याच्या पलीकडं, मागं कुंपणापाशी, जिथं मंगलचे वाफे नव्हते. नंदू तिथं एकटी बसून भातुकली मांडायची. मंगल इकडं वाफ्यात पाठ करून तण काढत राहायची. पूजा खिडकीतून दोघींमधलं अंतर मोजत राहायची.

होळी झाली, त्यानंतरच्या एका दुपारची गोष्ट. अमृत उसाच्या टोळीबरोबर रानात होता. पूजा दळण घेऊन गिरणीत गेली आणि तिथं लाइट गेल्यामुळं अडकली. परत आली तर नंदू सोप्यात भिंतीला टेकून बसलेली, तोंड पांढरंफटक, फ्रॉक ओकारीनं भरलेला.

पूजानं पिठाचा डबा तिथंच आपटला. "काय खाल्लंस? खरं सांग. मोठ्याईनं काय दिलं?"

नंदू मान हलवत राहिली.

"दिलं की नाही? लाडू दिला? आईशी खोटं बोलायचं नाही. लाडू दिला ना?"

"दिला," नंदू रडत म्हणाली.

बस. पूजाला दुसरं काही ऐकायचं नव्हतं. तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि तरातरा परड्यात गेली. "आक्का! या बाहेर! आज मला सगळ्या गावासमोर—"

मंगल टोमॅटोच्या वाफ्यात कुशीवर पडली होती. तिच्या तोंडाशी माती ओली झाली होती. एका हातानं तिनं पोट दाबून धरलं होतं आणि दुसऱ्यात खुरपं तसंच होतं. तिनं डोळे उघडले, काही बोलायचा प्रयत्न केला आणि पुन्हा ओकली.

पूजानं नंदूला खाली उतरवलं. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिच्या मनात आलं, हेही नाटकच. पकडली जाणार म्हणून. पण मंगलचे ओठ निळसर झाले होते. असलं नाटक कुणाला जमत नाही.

आबा काठी टाकून धावत आले. गावातल्या पप्पूची जीप मिळाली. मागच्या सीटवर पूजा मधे बसली, मांडीवर नंदू आणि खांद्यावर मंगलचं डोकं. रस्ता खणलेला होता. प्रत्येक खड्ड्याला मंगलचं डोकं तिच्या खांद्यावरून घसरायचं आणि पूजा ते पुन्हा हातानं सावरायची. नको असताना सावरत होती. दुसरं काय करणार?

दवाखान्यात दोघींना शेजारशेजारच्या खाटांवर घेतलं, सलाइन लावलं. डॉक्टरीणबाईंनी आधी एकीला तपासलं, मग दुसरीला, आणि पूजाकडं वळल्या. "दोघींनी काय खाल्लंय एकत्र?"

"एकत्र काहीच नाही," पूजा म्हणाली. "आमच्या चुली वेगळ्या आहेत."

"असं कसं? दोघींना तेच होतंय, त्याच वेळी. आठवून सांगा."

"खरंच नाही. मी हिला त्यांच्या हातचं खाऊच देत नाही." बोलून झाल्यावर पूजाला ते वाक्य स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं. शेजारच्या खाटेवर मंगलनं डोळे मिटून घेतले.

आबा नंदूजवळ बसले होते. त्यांनी तिचा सलाइन नसलेला हात हातात घेतला आणि पूजापेक्षा वेगळा प्रश्न विचारला. "नंदाबाय, तू मोठ्याईला काय खायाला दिलंस गं?"

"काजू," नंदू म्हणाली.

"कसलं काजू?"

"माझ्या हाटेलातलं. मोठ्याईनं आ केलं, मी दिलं. मीपण खाल्लं."

पूजानं ओकारीनं भरलेला फ्रॉक पिशवीतून काढला. खिशात हात घातला तर हाताला बिया लागल्या. काळ्या, लांबट, बोटाच्या पेरापेक्षा लहान. एक दोन फोडलेल्या होत्या, आत पांढरा गर, सोललेल्या शेंगदाण्यासारखा. डॉक्टरीणबाईंनी एक बी उजेडात धरली आणि मोठा श्वास सोडला.

"मोगली एरंड. घराजवळ कुंपण आहे का याचं?"

पूजा खिशातल्या उरलेल्या बिया मोजू लागली. उत्तर आबांनी दिलं. "हाय. परड्यामागं."

"दरवर्षी या दिवसांत अशी दोनचार मुलं येतात माझ्याकडं. पानं झडलेली असतात, बोंडं वाळून फुटतात, बिया खाली पडतात. चव गोड लागते, मुलं आपली खातात. आधीच्या वेळीही हेच झालं असणार. मी 'बाहेरचं' विचारलं, पण झाडाचं विचारायला हवं होतं. घाबरू नका, दोघी बऱ्या होतील. पण ते कुंपण आजच्या आज काढा."

पूजा बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. लोणंदहून एसटीतून मांडीवर धरून आणलेल्या त्या फांद्या तिला दिसत होत्या. त्यांचा चीक तेव्हा तिच्या साडीला लागला होता आणि डाग निघाला नव्हता. कालव्यापासून पोर वाचावी म्हणून. आणि नंतर मोठ्याईपासून वाचावी म्हणून तिनं पोरीला नेमकं त्याच कुंपणाजवळ नेऊन बसवलं होतं. नंदूला मोठ्याईच्या हातचं खायला बंदी होती. मोठ्याईला नंदूच्या हातचं खायला कुणी बंदी घातली नव्हती.

दिवेलागणीला अमृत आला, आबा त्याला घेऊन चहाला गेले. नंदू झोपली होती. पूजा दोन्ही खाटांच्या मधल्या स्टुलावर बसली. तिनं नंदूचं पांघरूण नीट केलं. शेवटी मंगलच म्हणाली, "मला म्हाईत हुतं."

"काय?"

"तुला काय वाटतंय ते. कोंबडीला शिरा घातलास, तवा मी न्हाणीतच हुते."

पूजानं स्टूल खाटेजवळ ओढलं. "मग बोलला का नाही आक्का? शिव्या घालायच्या होत्या मला."

मंगलनं सलाइनचा हात पोटावर घेतला. मग म्हणाली, "मी बी काय धुतल्या तांदळाची न्हाई. मला वाटत हुतं, तूच देतीस पोरीला कायतरी."

"मी?" पूजा स्टुलावरून उठलीच. "माझ्या पोटच्या पोरीला?"

"मरंल आसं न्हवं गं. जरा आजारी पडंल, येवढंच. माझ्या नावानं बोंब मारायची, चूल येगळी करायची, मग हळूच जमिनीची वाटणी. लोणंदला गेलीस आन पोर बरी झाली, तवा तर माझी खात्रीच पटली. म्हणलं, तिथं गरज न्हाई म्हणून देत न्हाई. चूल मागितलीस, तवा ह्यास्नी म्हणलं बी, बघा, मी म्हणत हुते न्हवं."

पूजा पुन्हा बसली. लोणंदच्या ज्या दिवसांनी तिला मंगलचा गुन्हा सिद्ध करून दाखवला होता, त्याच दिवसांनी मंगलला तिचा. इतके दिवस आपण खिडकीतून बघत होतो तेव्हा कुणीतरी आपल्यालाही बघत होतं. तिला संताप आला, अगदी खरा संताप, माझ्यावर असा संशय घेतलाच कसा म्हणून. आणि दुसऱ्याच क्षणी त्या संतापाची तिला लाज वाटली, कारण तो करायचा तिला हक्कच उरला नव्हता.

"मग तिच्या हातचं खाल्लं कशाला?" तिनं विचारलं. "एवढा संशय होता तर?"

"किती दिसांनी आली हुती माझ्याकडं. मागनं येऊन गळ्यात पडली, म्हणली डोळे मीट, आ कर. म्या काय हाय ते बघितलं सुदिक न्हाई." मंगलनं मान पलीकडं वळवली. "जा आता. झोपू दे मला."

अमृत आणि आबांनी दुसऱ्याच दिवशी कुंपण मुळासकट उपटलं, खड्डा खणून त्यात पुरलं, आणि खाली पडलेल्या बिया पूजानं उकिडवं बसून एकेक वेचल्या. परड्याची मागची बाजू उघडी पडली. कालवा पुन्हा दिसायला लागला. या वेळी अमृतनं चालढकल केली नाही, आठवड्याच्या आत जाळी ठोकून टाकली. फ्रिजमधला लाडवाचा तुकडा पूजानं काढला, तेव्हा त्याला बुरशी आली होती.

पण घर काही जाळीसारखं ठोकून नीट होत नाही. अमृत भावाचा फोन उचलेना. पाडव्याला वीरधवल सुट्टीवर आला, बॅग खाली ठेवायच्या आधी मंगलच्या पाया पडायला वाकला. ती दोन पावलं मागं सरली. "ऱ्हाऊ द्या भावजी. फोनवर काय बोलला ते ह्यांनी मला सांगितलंय. इसरायला येळ लागंल." तो वाकलेला तसाच राहिला. मग तिनंच म्हटलं, "हातपाय धुवा. पुरणपोळी केलीया."

त्या दिवशी सगळे एकत्र जेवले. भांडी आवरताना पूजा म्हणाली, "आक्का, चूल एकच करूया का आता?"

"नगं," मंगल म्हणाली. तिनं ते रागानं म्हटलं नाही, विचार करून म्हटलं. "येगळीच बरी. बारा वर्सं ह्या घराच्या चवीचं खाल्लं. आता माझ्या म्हायेरासारखं तिखट टाकता येतंय."

पूजाला वाईट वाटलं, पण तिनं पुन्हा विचारलं नाही. दोन चुली राहिल्या. नंदू मात्र दोन्हीकडं जेवायची आणि दोन्हीकडं सांगायची की मला अजून कुणी काही दिलंच नाही. सुलाबाई एकदा पायरीवर येऊन बसली आणि तंबाखू मळायला लागली. "आजी, मला जरा काम हाय," पूजा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

चैत्रात मंगलच्या माहेरची जत्रा होती. ती दरवर्षी जायची. या वर्षी नंदूनं हट्ट धरला, मला पाळण्यात बसायचंय. घेऊन जाऊ का असं मंगलनं विचारलं नाही, नको असंही म्हटलं नाही, नुसती स्वतःच्या साड्यांच्या घड्या घालत राहिली. पूजाला कळलं की विचारण्याचं काम आता आपलं आहे. दवाखान्यातल्या त्या संध्याकाळनंतर मनात सगळं स्वच्छ झालं होतं, असं ती स्वतःला सांगत होती. पण आत्ता, पोरीला दोन रात्री लांब पाठवायचं म्हटल्यावर, तळाशी काहीतरी हललंच. तिनं त्याच्याकडं बघितलं. जुनाच संशय होता तो, आता त्याच्याजवळ सांगायला काही उरलं नव्हतं, तरी उभा होता.

तिनं नंदूचे कपडे पिशवीत भरले. "आक्का, हिला घेऊन जाता का?"

मंगलनं घडी घालणं थांबवलं. "धाडतीस?"

"धाडते."

कोरेगावच्या स्टँडवरून एसटी हलली तेव्हा नंदूनं खिडकीतून हातसुद्धा केला नाही, तिचं सगळं लक्ष मोठ्याईच्या पिशवीतल्या बिस्किटांवर होतं. पूजा घरी आली. घर एवढं शांत होतं की तिला काम सुचेना. वीरधवल म्हणाला, "फोन कर की." ती म्हणाली, "कशाला? पोचल्या असतील." दिवसभर तिनं फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं फोन लावलाच. पलीकडं ढोल वाजत होते, माणसं ओरडत होती. मंगलचा आवाज मधूनच ऐकू येत होता.

"नंदू कुठंय?"

"पाळण्यात. चवथ्यांदा. उतरतच न्हाई गं, दमवलंय मला."

"जेवली का?"

"जेवली की." ढोल पुढं सरकल्यासारखे झाले आणि तिचा आवाज जवळ आला. "काय काय खाल्लं ते सांगू?"

"नको आक्का," ती म्हणाली. "फक्त पाळण्यात वारं लागेल, तिला डोकं झाकायला सांगा."

"बरं," मंगल म्हणाली, आणि मग फोन खाली न ठेवताच गर्दीत कुणाला तरी ओरडली, "आरं बाबा, पाळणा थांबीव, पोरीचं डोकं उघडं हाय!"